मुलांच्या भेटीला कोल्हापूरला जाताना

जून-जुलै महिना उजाडला की दक्षिण महाराष्ट्रातील आणि सीमाभागातील अनेक जैन कुटुंबांत एकच धांदल सुरू होते. पदवी पूर्ण केलेला मुलगा अथवा मुलगी पुढील शिक्षणासाठी कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात प्रवेश घेते. वसतिगृहाची खोली मिळते, गादी-उशी, बादली, डबे यांची जुळवाजुळव होते, आणि एके दिवशी आईवडील मुलाला तेथे सोडून जड मनाने परततात. त्यानंतर दिवाळीपर्यंत संबंध उरतो तो दूरध्वनीचा. रोज रात्री ठरलेला प्रश्न, ‘जेवलास का?’ आणि ठरलेले उत्तर, ‘हो, सगळे ठीक आहे.’

हे ‘सगळे ठीक आहे’ नेहमीच खरे असते असे नाही. खानावळीचे अन्न रुचत नाही, इंग्रजीतून चाललेले व्याख्यान समजत नाही, खोलीतील सोबत्याशी जमत नाही, पहिल्याच चाचणीत अपेक्षेपेक्षा गुण कमी पडतात. या गोष्टी तरुण मुले दूरध्वनीवर सांगत नाहीत. त्या उमगतात सोबत चालताना, शेजारी बसून डबा खाताना, बोलण्यातील विरामांतून. म्हणूनच पालकांनी सत्रातून एकदा तरी मुलांच्या भेटीला जावे, आणि घाईत न जाता एक पूर्ण दिवस काढून जावे.

प्रत्यक्षात मात्र दोन अडचणी येतात. काही कुटुंबे खर्चाच्या भीतीने भेट लांबणीवर टाकतात. फी भरली, वसतिगृहाचे पैसे भरले, आता पुन्हा जाण्यायेण्याचा, हॉटेलचा आणि खरेदीचा भार कशाला, असा त्यांचा विचार असतो. दुसरी कुटुंबे जातात, परंतु माया दाखवण्याचा मार्ग म्हणून दिवसभर पैसाच खर्च करतात. हॉटेलातील जेवण, चित्रपट, नवे कपडे यांत दिवस मावळतो. वडिलांचे पाकीट रिकामे होत असलेले मुलगा पाहत असतो, आणि जे सांगायचे ते मनात ठेवून त्यांना गाडीत बसवून देतो. दोन्ही प्रकारांत मूळ हेतू निसटतो. कोल्हापूरसारख्या शहरात या दोन्ही अडचणींना एकच उत्तर आहे. जाण्यायेण्याच्या भाड्यापलीकडे जवळजवळ काहीही खर्च न करता येथे एक समृद्ध दिवस घालवता येतो.

वसतिगृहांची जननी

भेटीचा आरंभ दसरा चौकातून करावा. राजर्षी शाहू महाराजांच्या काळात खेड्यांतील मुले शिकण्यासाठी कोल्हापुरात येऊ लागली, तेव्हा शाळेत प्रवेश मिळाला तरी राहण्या-जेवणाची सोय होत नसे. शिक्षणाचे दार उघडायचे असेल तर आधी निवाऱ्याचे दार उघडले पाहिजे, हे महाराजांनी ओळखले. १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू झाले आणि त्यानंतरच्या दोन दशकांत निरनिराळ्या समाजांची वसतिगृहे उभी राहिली. ‘वसतिगृहांची जननी’ ही कोल्हापूरची ओळख त्यातून निर्माण झाली.

दिगंबर जैन बोर्डिंग ही याच परंपरेतील संस्था. तिच्या उभारणीत अण्णासाहेब लठ्ठे यांचे नाव आदराने घेतले जाते. १८९९ मध्ये स्थापन झालेल्या दक्षिण महाराष्ट्र जैन सभेच्या कार्यातील ते अग्रणी होते. शाहू महाराजांचे चरित्र त्यांनी लिहिले आणि १९३७ मध्ये मुंबई प्रांताच्या मंत्रिमंडळात अर्थमंत्री म्हणून काम केले. याच बोर्डिंगमध्ये राहून राजाराम हायस्कूलमध्ये शिकलेला एक विद्यार्थी म्हणजे कुंभोजला जन्मलेले भाऊराव पाटील. शाहू महाराजांचे कार्य त्यांनी विद्यार्थिदशेत जवळून पाहिले. पुढे १९१९ मध्ये काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली. १९२४ मध्ये सातारा येथे सर्व जातिधर्मांच्या मुलांना एकत्र ठेवणारे वसतिगृह त्यांनी सुरू केले, आणि १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्याचे ‘श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस’ असे नामकरण झाले. त्या वसतिगृहातील मुलांच्या जेवणासाठी लक्ष्मीबाई पाटील यांनी अंगावरचे दागिने दिले, ही हकीकत समाजात आजही सांगितली जाते.

दसरा चौकात शाहू महाराजांच्या पुतळ्यासमोर उभे राहून ही कथा मुलांना सांगण्यास काहीही मोल पडत नाही. वसतिगृहातील खोली म्हणजे केवळ भाड्याची जागा नव्हे, तिच्यामागे शंभरांहून अधिक वर्षांचा त्याग आहे, हे मुलांना तेथे उमगते. धाकट्या भावंडांनाही आपला दादा किंवा ताई कोणत्या वाटेवर चालत आहे ते कळते.

चौकालगतच्या राजर्षी शाहू स्मारक भवनात चित्रप्रदर्शने, व्याख्याने, पुस्तकांची प्रदर्शने वरचेवर होत असतात. ती पाहण्या-ऐकण्यास बहुधा शुल्क नसते. भेटीच्या दिवशी तेथे काय आहे, हे मुलाने आधी पाहून ठेवावे.

विद्यापीठाचा परिसर

मध्यवर्ती बसस्थानकापासून विद्यापीठ शहर बससेवेने सहज गाठता येते. १८ नोव्हेंबर १९६२ रोजी राष्ट्रपती डॉ. सर्वपल्ली राधाकृष्णन यांच्या हस्ते या विद्यापीठाचे उद्घाटन झाले. डॉ. आप्पासाहेब पवार हे पहिले कुलगुरू. सुमारे ८५३ एकरांचा हा परिसर त्या काळी बराचसा उजाड माळ होता. आज तेथे दाट झाडी आहे, पावसाचे पाणी अडवणारी तळी आहेत आणि पहाटे मोरांचे केकारव ऐकू येतात. शहरातील कितीतरी नागरिक रोज सकाळी येथे फिरायला येतात. पालकांनीही शक्य असल्यास सकाळी लवकर पोहोचून मुलासोबत तासभर चालावे. मुख्य इमारतीसमोरील छत्रपती शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा पाहावा. ‘ज्ञानमेवामृतम्’ हे विद्यापीठाचे बोधवाक्य आहे. त्याचा अर्थ मुलाच्याच तोंडून ऐकावा.

बॅरिस्टर बाळासाहेब खर्डेकर यांच्या नावाचे ग्रंथालय, मुलाचा विभाग, तो नेहमी जेथे चहा पितो ती जागा, अभ्यासाला बसतो तो कोपरा, हे सारे त्याच्या सोयीने पाहावे. विद्यापीठाच्या आवारात वि. स. खांडेकर यांचे स्मृतिसंग्रहालयही आहे. ‘ययाति’ या कादंबरीसाठी मराठीतील पहिला ज्ञानपीठ पुरस्कार मिळवणारा हा लेखक कोल्हापुरातच राहिला. संग्रहालय उघडे असण्याच्या वेळा मुलाने आधी विचारून ठेवाव्यात.

जैन कुटुंबांना या परिसरात आणखी एक स्मरण करता येईल. सीमाभागातील सदलगा या गावचे डॉ. आ. ने. उपाध्ये १९३० पासून तीन दशके कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात अर्धमागधी शिकवत होते. कुंदकुंदाचार्यांच्या ‘प्रवचनसारा’चे त्यांनी केलेले संपादन जगभरच्या अभ्यासकांनी प्रमाण मानले. पुढे शिवाजी विद्यापीठात ते कला शाखेचे अधिष्ठाता झाले. राजाराम महाविद्यालय विद्यापीठाच्या शेजारीच विद्यानगरात आहे. खेड्यातून आलेला एक विद्यार्थी प्राकृत भाषेच्या बळावर कोठवर जाऊ शकतो, याचे हे उदाहरण आहे. ज्या मुलाला आपण निवडलेल्या विषयाबद्दल शंका वाटू लागली असेल, त्याला ते धीर देऊ शकेल.

पायी फिरण्याजोगे शहर

कोल्हापूरचा जुना भाग पायी पाहण्यात खरी गोडी आहे. दसरा चौकातून निघाले की थोड्याच अंतरावर टाउन हॉलची गॉथिक शैलीची वास्तू लागते. १८७० च्या दशकात ती बांधली गेली. आतील संग्रहालयास अल्प शुल्क आहे. तेथे ब्रह्मपुरी टेकडीवर सापडलेली पोसायडन या ग्रीक समुद्रदेवतेची छोटी कांस्यमूर्ती आहे. दोन हजार वर्षांपूर्वी या गावाचा रोमन जगाशी व्यापार होता, याचा तो पुरावा. शुल्क द्यायचे नसेल तर बाहेरील बागेत बसावे. तेथील उंच झाडांवर उलटी लटकलेली वटवाघळे पाहण्यात लहान मुले रमून जातात.

तेथून भाऊसिंगजी रस्त्याने भवानी मंडपात यावे. जुना राजवाडा आणि नगारखाना पाहून पुढे अंबाबाईच्या मंदिराची दगडी शिल्पे बाहेरून न्याहाळावीत. नोव्हेंबरमध्ये आणि जानेवारीच्या अखेरीस मावळत्या सूर्याची किरणे गाभाऱ्यापर्यंत पोहोचतात. त्या काळी भेट ठरल्यास गर्दीचा विचार करून निघावे. जवळच बिनखांबी गणेश मंदिर आहे. मधल्या खांबाशिवाय छत कसे उभे राहिले, हा प्रश्न स्थापत्यशास्त्राच्या विद्यार्थ्याला आवर्जून विचारावा.

तसेच पुढे शुक्रवार पेठेत गेले की लक्ष्मीसेन जैन मठ लागतो. दिल्ली, कोल्हापूर, जिनकांची आणि पेनुगोंडा या पीठांशी जोडलेली ही भट्टारक परंपरा प्राचीन आहे. मठातील आदिनाथ भगवंतांची भव्य मूर्ती आणि तेथील शांतता यांत अर्धा तास सहज जातो. बाराव्या शतकात शिलाहार राजांच्या आश्रयाने कोल्हापुरात जैन बसद्या उभ्या राहिल्या. त्या काळचे शिलालेख येथे सापडले आहेत. घरापासून दूर राहणाऱ्या मुलाला या मठाची वाट ठाऊक करून द्यावी. पर्युषणात, दशलक्षण पर्वात किंवा एखाद्या उदास संध्याकाळी त्याला जाण्यासाठी आपली अशी एक जागा शहरात हवी.

मठाकडून पंचगंगेचा घाट जवळ आहे. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती यांच्या संगमातून झालेली ही नदी हिवाळ्यात शांत असते आणि घाटाच्या पायऱ्यांवर निवांत बसता येते. त्रिपुरारी पौर्णिमेच्या पहाटे हा घाट पणत्यांनी उजळतो. पावसाळ्यात मात्र येथे येण्याचा बेत करू नये. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत नदीचे रौद्र रूप शहराने पाहिले आहे.

सायंकाळ रंकाळ्यावर घालवावी. तलावाभोवतीचा रस्ता, पलीकडचा शालिनी पॅलेस, पाण्यातला संध्यामठ आणि गार वारा यांसाठी एक पैसाही लागत नाही. येथील नंदीविषयी एक आख्यायिका आहे. तो रोज गव्हाच्या दाण्याएवढा पुढे सरकतो आणि तांदळाच्या दाण्याएवढा मागे येतो, असे म्हणतात. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने धाकट्या भावंडाला या हिशेबाने नंदी किती वर्षांत कोठे पोहोचेल ते मांडून दाखवावे. हसतखेळत गणित होते आणि अंतरही कमी होते.

हिवाळ्यात आलेल्या पालकांनी शाहू मार्केट यार्डातील गुळाचे सौदे पाहण्यासारखे आहेत. गुळाच्या रव्यांच्या रांगा, त्यांचा रंग पाहून होणारी बोली आणि काही मिनिटांत ठरणारा भाव हे पाहणे म्हणजे बाजारपेठेचा जिवंत धडा आहे. व्यापारी कुटुंबातील आजोबांना त्यात नातवापेक्षा अधिक रस वाटेल. या वयात नातवाने आजोबांकडून काही शिकण्याचे प्रसंग कमीच येतात. त्यातला एक येथे आपोआप जुळून येतो.

दिवसभराचा प्रवास करायचा असेल तर

दुसऱ्या भेटीत, अथवा जोडून सुटी आली असता, शहराबाहेर जावे. कोल्हापूरपासून सुमारे ३० किलोमीटरवर हातकणंगले तालुक्यात कुंभोजजवळ बाहुबली हे तीर्थक्षेत्र आहे. पूज्य समंतभद्र महाराजांच्या प्रेरणेने येथे गुरुकुल उभे राहिले. भगवान बाहुबलींची २८ फूट उंचीची शुभ्र संगमरवरी मूर्ती १९६३ मध्ये प्रतिष्ठापित झाली. टेकडीवर दिगंबर आणि श्वेतांबर या दोन्ही परंपरांची मंदिरे आहेत. ऊन चढण्यापूर्वी पायऱ्या चढाव्यात. वर्षभर कायोत्सर्गात उभ्या राहिलेल्या बाहुबलींच्या चरणांशी परीक्षेच्या निकालाची चिंता काहीशी हलकी होते.

शिरोळ तालुक्यातील खिद्रापूर येथे कृष्णाकाठी शिलाहारकालीन कोपेश्वर मंदिर आहे. त्याच्या स्वर्गमंडपाला ४८ खांब असून वरचा भाग गोलाकार उघडा आहे. त्याच गावात आदिनाथांचे प्राचीन पाषाणी जिनालय आहे. एकाच काळात, एकाच गावात दोन धर्मांची शिल्पे शेजारी शेजारी घडली, हे मुलांनी अवश्य पाहावे. पन्हाळगड शहरापासून सुमारे २० किलोमीटरवर आहे. मराठ्यांच्या किल्ल्यांपैकी ज्या १२ किल्ल्यांची २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत नोंद झाली, त्यांत पन्हाळा आहे. गडासाठी मात्र स्वतंत्र दिवस राखून ठेवावा.

या प्रवासांसाठी एसटी सोयीची आहे. राज्य परिवहनाच्या गाड्यांत महिलांना भाड्यात ५० टक्के सवलत आहे. ६५ ते ७५ वर्षे वयाच्या ज्येष्ठांना निम्मे भाडे आकारले जाते, तर ७५ वर्षांवरील नागरिकांचा राज्यांतर्गत प्रवास विनामूल्य आहे. वयाचा पुरावा सोबत ठेवावा. आजी-आजोबांना नेणे खर्चाचे होईल, ही शंका त्यामुळे राहत नाही, आणि नातवंडे आईवडिलांना जे सांगत नाहीत ते आजीला सांगतात, हा अनुभव घरोघरचा आहे.

भोजनाचा विचार

कोल्हापूरचे नाव निघाले की बाहेरच्यांना तांबडा-पांढरा रस्सा आठवतो. जैन कुटुंबांनी त्याची धास्ती बाळगण्याचे कारण नाही. घरून दशम्या, थालीपीठ, शेंगदाण्याची चटणी, लाडू आणि गाळलेल्या पाण्याच्या बाटल्या न्याव्यात. विद्यापीठातील एखाद्या झाडाखाली दुपारचे जेवण घ्यावे आणि खोलीतील सोबत्यांनाही बोलवावे. आपल्या मुलाचे मित्र कसे आहेत हे चौकशीने कळत नाही, पंगतीत कळते. हिवाळ्यात सूर्यास्त सहाच्या सुमारास होतो, म्हणून रंकाळ्यावर पाचपर्यंत पोहोचून सायंकाळचे जेवण आटोपावे. घर सुटल्यावर ज्या मुलांचा रात्रिभोजनत्यागाचा नियम सैल झाला असेल, त्यांना त्यावरून बोल लावू नये. एक दिवस सगळ्यांनी मिळून तो पाळला, की पुढचे त्यांचे त्यांना ठरवता येते.

भेटीची रीत

निघण्यापूर्वी तारीख मुलाला विचारून ठरवावी. चाचणी किंवा प्रयोगपरीक्षेच्या आदल्या दिवशी जाऊ नये. वसतिगृहात पालकांना कोठवर आणि कोणत्या वेळी प्रवेश आहे ते आधी जाणून घ्यावे. मुलींच्या वसतिगृहांचे नियम अधिक कडक असतात आणि त्यांचा मान राखावा. दिवसाचा कार्यक्रम मुलानेच आखावा. आजवर आईवडील पुढे आणि मूल मागे असे चालत आले. या एका दिवशी मूल पुढे चालते, शहर दाखवते, बसचा क्रमांक सांगते. त्यात त्याचा आत्मविश्वास वाढतो आणि ते किती सावरले आहे हे पालकांनाही दिसते. ज्या मुलाला दोन महिन्यांनंतरही विद्यापीठाबाहेरचे काहीच दाखवता येत नाही, ते एकटे पडले आहे का, याकडे लक्ष द्यावे.

पोहोचताक्षणी गुणांची चौकशी करू नये. दिवसातील काही वेळ आईने आणि काही वेळ वडिलांनी मुलासोबत एकट्याने चालावे. चौघांसमोर जे बोलवत नाही ते एकापाशी बोलता येते. मुलाने काही अडचण सांगितली तर तेथल्या तेथे निकाल देण्याची घाई करू नये. आधी पूर्ण ऐकून घ्यावे. झोप, भूक किंवा बोलणे यांत मोठा बदल दिसला, तर विभागातील शिक्षकांना भेटावे आणि गरज पडल्यास डॉक्टरांचा किंवा समुपदेशकाचा सल्ला घेण्यास संकोच करू नये.

पैशाचा विषयही मोकळेपणाने बोलावा. महिन्याला किती रक्कम पाठवली जाते, तीत काय भागते, काय भागत नाही, याचा हिशेब मुलासोबत कागदावर मांडावा. घरची स्थिती मुलांपासून लपवल्याने त्यांना जबाबदारी कळत नाही, आणि ती ओरडून सांगितल्याने त्यांच्या मनावर ओझे येते. शांतपणे मांडलेला हिशेब दोन्ही दोष टाळतो. एका दिवसाच्या भेटीत हॉटेल आणि खरेदी यांवर जी रक्कम सहज जाते, तीत गरजेची पुस्तके येतात किंवा पुढच्या भेटीचे भाडे निघते. अपरिग्रहाचे व्रत केवळ मंदिरात ऐकण्यासाठी नाही. मुलांच्या देखत काय घेतले यापेक्षा कशावाचून आनंदात राहता आले, हे त्यांच्या अधिक लक्षात राहते.

शाहू महाराजांच्या काळी बोर्डिंगमधील मुलांना भेटायला येणारे शेतकरी आईबाप भाकरीचे गाठोडे घेऊन येत. जवळ पैसा नसे, पण वेळ असे. आज पुष्कळ घरांत परिस्थिती उलटी झाली आहे. ती बदलणे कोणत्याही कुटुंबाच्या आवाक्यातील आहे. दिवाळीच्या सुटीची वाट न पाहता, या सत्रातील एखादा रविवार निवडावा, मुलाला विचारावे आणि सकाळची पहिली गाडी पकडावी.